कॅरोबॅलिस्टा: 'बार्बेरियन इन्व्हेजन'मधील फिरत्या तोफखान्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'रोम: टोटल वॉर' हा संगणकावरचा युद्धाचा खेळ २००४ साली आला आणि 'बार्बेरियन इन्व्हेजन' हा त्याचा विस्तार २००५ साली. इतकी वर्षे लोटली तरी त्यातल्या गाड्यांवरच्या यंत्रांबद्दलचे प्रश्न येणे थांबलेले नाही. बहुतेक प्रश्नांच्या तळाशी एकच तक्रार असते: तुकडी घेतली, लढाईत नेली, आणि ती एका कोपऱ्यात उभी राहून मारली गेली. पुढील प्रश्न वाचकांनी पुन्हापुन्हा विचारलेले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दारूगोळा त्या काळी नव्हताच, त्यामुळे 'तोफखाना' हा शब्द येथे केवळ सोयीसाठी वापरला आहे.

१. कॅरोबॅलिस्टा म्हणजे नेमके काय?

जनावरे जुंपलेल्या गाडीवर बसवलेले, जाड बाण फेकणारे हलके यंत्र म्हणजे कॅरोबॅलिस्टा. मूळ खेळातील ज्युलिई, ब्रुटिई आणि स्किपिई या घराण्यांना ते मिळत नाही. 'बार्बेरियन इन्व्हेजन'मध्ये ते पूर्व आणि पश्चिम रोमन साम्राज्यांच्या फौजांत येते. या विस्ताराची मोहीम इसवी सन ३६३ पासून सुरू होते. त्यामुळे येथे भेटणारी रोमन फौज सीझरच्या काळातली नसून सीमा राखता राखता दमलेल्या उत्तरकालीन साम्राज्याची आहे, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

२. बॅलिस्टा, स्कॉर्पियन, ओनेजर आणि कॅरोबॅलिस्टा यांत फरक काय?

पहिला फरक माऱ्याच्या वाटेचा आहे. बॅलिस्टा, स्कॉर्पियन आणि कॅरोबॅलिस्टा यांचा बाण जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि एका माणसाला लागून थांबत नाही, तर रांगेतील पुढच्या माणसांनाही घेऊन जातो. ओनेजर दगड उंच कमानीत फेकतो. तो तटबंदी फोडण्यासाठी उत्तम असला तरी धावत्या तुकडीवर त्याचा नेम क्वचितच लागतो. दुसरा फरक हालचालीचा आहे. इतर यंत्रे माणसांनी ढकलत न्यावी लागतात, त्यामुळे लढाईच्या आरंभी ती जेथे ठेवली तेथेच बहुधा शेवटपर्यंत राहतात, तर कॅरोबॅलिस्टाला जनावरे जुंपलेली असल्यामुळे एकाच लढाईत तिला दोन-तीन जागा बदलता येतात. मारा इतर यंत्रेही करतात. जागा बदलण्याची ही सोय मात्र फक्त तिच्याकडे आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच मुद्द्याला धरून दिलेली आहेत.

३. अशा गाड्या इतिहासात खरोखरच होत्या, की खेळ बनवणाऱ्यांची ती कल्पना आहे?

त्या खरोखरच होत्या. रोममध्ये इसवी सन ११३ साली उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावर डेशियाच्या (आजच्या रोमानियाच्या) युद्धांची शिल्पपट्टी आहे, आणि त्या पट्टीत खेचरांच्या गाडीवर चढवलेले यंत्र व त्याच्याजवळ उभे असलेले सैनिक स्पष्ट दिसतात. लष्करी विषयांवर लिहिणारा वेजेटियस तर आकडेच देतो. त्याच्या म्हणण्यानुसार प्रत्येक शतकदलामागे एक, म्हणजे संपूर्ण लीजनमध्ये (रोमन फौजेच्या मोठ्या पथकात) ५५ कॅरोबॅलिस्टा असत. प्रत्येक यंत्राच्या दिमतीला ११ माणसे असत आणि यंत्र खेचरांकडून ओढले जाई. बैलगाड्यांवरून नेले जाणारे १० ओनेजर याशिवाय असत. वेजेटियसला जुन्या फौजेचे आदर्श चित्र रंगवण्याची हौस होती, त्यामुळे त्याच्या काळच्या प्रत्येक लीजनजवळ एवढी यंत्रे असतीलच असे समजू नये. तरीही हे यंत्र केवळ वेढ्यासाठी नसून मोकळ्या मैदानातील लढाईसाठीही होते, हे त्याच्या वर्णनावरून उघड होते.

यंत्राचे बळ धनुष्याच्या लाकडात नसून स्नायुतंतू किंवा केस यांच्या पिळलेल्या जुड्यांमध्ये असे. अशा दोन जुड्यांत दोन भुजा अडकवलेल्या असत. दमट हवेत जुड्या सैलावत आणि माऱ्याचा जोर कमी होई.

४. ही तुकडी कोठे मिळते, आणि माणसे मेल्यावर ती पुन्हा भरता येते का?

तिरंदाजीच्या मैदानापासून सुरू होणाऱ्या इमारतींच्या मालिकेतील वरच्या पायऱ्यांवर यंत्रांच्या तुकड्या मिळतात. कोणत्या पायरीवर काय मिळेल हे पाहण्यासाठी शहराच्या पटलातील इमारतीच्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबावी. मेलेली माणसे भरून काढण्यासाठी तुकडीला अशा शहरात न्यावे लागते जेथे ती मुळात तयार होऊ शकते. सीमेवरच्या लहान ठाण्यात ही सोय बहुधा नसते. म्हणून इमारत राजधानीतच उभारण्याऐवजी सीमेच्या मागे दोन-तीन कूच अंतरावरच्या एखाद्या मोठ्या शहरात उभारणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

५. वीस तुकड्यांच्या फौजेत कॅरोबॅलिस्टा किती असाव्यात?

दोन. एकच तुकडी असल्यास तिच्या माऱ्याने शत्रूची फळी हलत नाही. तीन किंवा चार असल्यास त्यांची राखण करण्यात पायदळ अडकते आणि लढायला माणसे उरत नाहीत. पश्चिम साम्राज्य घेऊन खेळणाऱ्यांनी दर वळणाला (टर्नला) द्यावा लागणारा खर्चही जमेस धरावा, कारण त्या साम्राज्याचा खजिना पहिल्याच वर्षांत आटू लागतो.

६. लढाईच्या आरंभी त्या कोठे उभ्या कराव्यात?

फळीच्या टोकाला, किंचित पुढे आणि तिरक्या तोंडाने. टोकाला ठेवल्यामुळे बाण आपल्या माणसांच्या पाठीतून न जाता शत्रूच्या रांगेतून आडवा जातो, आणि एका बाणात एकाऐवजी चार-पाच माणसे सापडतात. उंचवटा मिळाल्यास अर्थातच तो घ्यावा, परंतु उतार फार तीव्र असल्यास गाड्या वळवताना वेळ जातो. त्यापेक्षा माथा मोकळा असलेली बुटकी टेकडी बरी. गाड्यांच्या मागे झाडी नसावी. उभे करतानाच त्या परत कोणत्या वाटेने येणार ते ठरवावे, आणि ती वाट आपल्याच घोडदळाने अडवलेली नाही ना हे पाहावे. हा दोष इतक्या वेळा दिसतो की 'गाड्या मेल्या' अशी तक्रार येते तेव्हा मी सर्वप्रथम घोडदळ कोठे उभे होते हेच विचारतो.

७. माझ्या बाणांनी माझेच सैनिक मरतात. हा खेळातील दोष आहे का?

दोष नव्हे, माऱ्याची वाट सरळ असल्याचा तो परिणाम आहे (प्रश्न २). तिरंदाजांचे बाण पुढच्या फळीच्या डोक्यावरून जातात, म्हणून त्यांना पायदळामागे ठेवण्याची सवय आपल्याला लागते आणि तीच सवय येथे नडते.

गॉथांविरुद्धच्या एका लढाईत मी कोमिटाटेन्सेस या रोमन पायदळाच्या चार तुकड्या सपाट जमिनीवर एका रांगेत लावल्या होत्या आणि त्यांच्या मागे वीस पावलांवर दोन्ही कॅरोबॅलिस्टा ठेवल्या होत्या. गॉथ अजून बऱ्याच अंतरावर असताना माझ्या मधल्या तुकडीची संख्या कमी होऊ लागली. खेळ थांबवून कॅमेरा खाली जमिनीलगत आणला, तेव्हा कारण दिसले: रांगेत एक माणूसभर रुंदीची सरळ फट पडली होती, त्या फटीत माझेच सैनिक पालथे पडलेले होते, आणि फटीचे एक टोक थेट गाडीच्या तोंडाशी जुळत होते. शत्रूचा एकही बाण तोवर सुटलेला नव्हता.

यावर तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे टोकाची जागा (प्रश्न ६). दुसरा, दोन पायदळ तुकड्यांमध्ये एका तुकडीच्या रुंदीइतकी मोकळी जागा सोडून गाड्या तेथून मारू देणे आणि शत्रू धावून येताच त्यांना मागे घेऊन राखीव तुकडीने ती जागा भरणे. हे करायला हात सफाईदार हवा. तिसरा, उतारावर पायदळ खाली आणि गाड्या बऱ्याच वर ठेवणे. तिसरा उपाय सर्वांत सोपा असला तरी शत्रू पायदळाला भिडल्यानंतर तोही चालत नाही; त्या क्षणी मारा बंदच करावा.

८. 'फायर ॲट विल' (तुकडीने आपणहून मारा करण्याचा पर्याय) चालू ठेवावे का?

शत्रू दूर असताना चालू ठेवायला हरकत नाही. दोन्ही बाजूंची पायदळे भिडण्याच्या आधी मात्र ते बंद करावे आणि पुढचे प्रत्येक लक्ष्य स्वतः ठरवावे. सोडून दिल्यास तुकडी समोर येईल त्याच्यावर बाण खर्च करते, आणि समोर सर्वांत आधी येतात ते बहुधा विरळ पसरलेले हलके भालेफेके, ज्यांच्यावर जाड बाण वाया जातो. दाट रांगेचे पायदळ, एका जागी थांबलेले घोडदळ आणि सेनापतीची तुकडी ही लक्ष्ये या क्रमाने निवडावीत. सेनापती शेवटी ठेवण्याचे कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

९. गाड्या चालू असताना मारा करतात का? जागा केव्हा बदलावी?

धावत्या गाडीकडून नेमाची अपेक्षा ठेवू नये. हा रथ नाही. थांबून मारायचे आणि मग हलायचे, असाच तिचा उपयोग आहे. थांबणे, वळणे आणि नेम धरणे यांत जाणारा वेळ धरूनच हुकूम द्यावा लागतो, आणि तुम्ही दर दहा सेकंदांनी जागा बदलत राहिलात तर लढाई संपेपर्यंत एकही बाण सुटणार नाही.

लढाईत जागा बदलण्याच्या वेळा साधारणपणे दोन असतात. शत्रूची फळी आपल्या पायदळावर येऊन आदळते तेव्हा पहिली: या वेळी गाड्या टोकावरून पुढे काढून शत्रूच्या बगलेकडे न्याव्यात, म्हणजे बाण त्यांच्या रांगेच्या लांबीतून जाईल आणि आपली माणसे वाटेत येणार नाहीत. दुसरी वेळ शत्रूचे घोडदळ गाड्यांकडे वळते तेव्हाची. येथे बहुतेकांचा हुकूम उशिरा जातो. घोडदळ वळताना दिसले की त्याच क्षणी भालाईतांच्या मागे जायला सांगावे. घोडे निम्म्या वाटेवर आल्यानंतर सांगितले तर गाड्या वळत असतानाच गाठल्या जातात, आणि तेव्हा त्यांना वाचवणारे काही नसते. एकट्याने खेळताना विराम घेऊन हुकूम देता येतात. या तुकडीसाठी तो विराम वापरण्यात कमीपणा मानू नये.

१०. हूणांच्या घोडेस्वार तिरंदाजांपुढे कॅरोबॅलिस्टाचा उपयोग होतो का?

पाठलाग करून होत नाही. विरळ पसरलेल्या आणि सतत हलणाऱ्या स्वारांमध्ये जाड बाण बहुतेक वेळा मोकळ्या जागेतून जातो. हूण टोळी घेऊन येतात तेव्हा एकामागून एक अशा फौजा अंगावर येतात, त्यामुळे पहिल्या लढाईत गमावलेल्या गाड्या दुसऱ्या लढाईत मिळणार नसतात. बाण मात्र प्रत्येक लढाईत नव्याने भरलेले असतात. तेव्हा स्वारांना आपल्या पायी तिरंदाजांवर सोपवावे, गाड्या पायदळाच्या आडोशाला ठेवाव्यात आणि हूणांचे भालेवाले जड घोडदळ घोळका करून थांबेल त्या क्षणाची वाट पाहावी. सर्वांत चांगली जागा पूल (प्रश्न १२).

११. शत्रूचा सेनापती सर्वांत आधी मारावा की नाही?

सेनापती पडला की त्याच्या फौजेचे मनोधैर्य खचते, हे खरे. परंतु दोन्ही फौजा अजून भिडलेल्या नसताना ते खचून विशेष लाभ होत नाही. पायदळ एकमेकांत गुंतलेले असताना तोच धक्का बसला, तर संपूर्ण फळी मोडू शकते. म्हणून थांबावे. शिवाय अंगरक्षकांची तुकडी सुरुवातीला हलती असते आणि पायदळे भिडल्यावर पुष्कळदा फळीमागे स्थिर उभी राहते. ससानियन (इराणी) फौजेतील हत्तींच्या बाबतीत मात्र हा नियम उलटा आहे: हत्ती दिसला की सर्व बाण त्याच्यावर, आणि जितक्या लांबून तितके चांगले, कारण बिथरलेला हत्ती आपल्या माणसांत शिरण्यापेक्षा त्यांच्याच माणसांत शिरलेला बरा.

१२. पुलावरच्या लढाईत त्या कशा वापराव्यात?

पुलाच्या अगदी समोर न ठेवता पुलाच्या रेषेला किंचित तिरक्या ठेवाव्यात. पुलावर शत्रू दाटीने येतो, त्याला पसरायला जागा नसते, आणि लांबलचक रांगेतून जाणारा बाण जेवढे नुकसान येथे करतो तेवढे मैदानात कधीच करत नाही. पुलाच्या आपल्या तोंडाशी पायदळ अर्धगोलात लावावे आणि माऱ्याची वाट मोकळी सोडावी. नदीचा भरवसा मात्र पूर्ण धरू नये, कारण या विस्तारात काही तुकड्या पोहून पलीकडे येऊ शकतात. गाड्यांच्या बाजूच्या काठावर एखादी लिमिटानेईची (सीमा राखणाऱ्या सैनिकांची) तुकडी ठेवावी.

१३. वेढ्यात त्यांचा उपयोग आहे का?

दगडी तटबंदी बाणाने फुटत नाही. त्यासाठी ओनेजर न्यावा किंवा वेढ्याची साधने बांधावीत. तट पडेपर्यंत गाड्या बुरुजांच्या पल्ल्याबाहेर ठेवाव्यात. त्यांची खरी वेळ दरवाजा हाती आल्यावर येते. शहराच्या मध्यवर्ती चौकात पोहोचलेले शत्रूचे सैनिक पळून जात नाहीत, शेवटपर्यंत लढतात, आणि त्यांना तलवारीने उपटून काढणे फार महाग पडते. चौकाकडे जाणारा सरळ रस्ता सापडल्यास गाड्या त्याच्या टोकाला आणून मारा करावा आणि पायदळ बाजूच्या गल्ल्यांत थांबवावे. वाकड्या गल्ल्यांतून गाड्या नेण्याचा हट्ट करू नये. त्या कोपऱ्यात अडकतात, एकमेकींची वाट अडवतात, आणि मग खेळाडू पडद्याला बोल लावतो.

१४. शहर राखताना त्या तटावर चढवता येतात का?

नाही. त्या दरवाजाच्या आत, रस्त्याच्या सरळ टप्प्यावर ठेवाव्यात, म्हणजे दरवाजा फुटल्यावर आत घुसणारी गर्दी माऱ्याच्या वाटेत येते. प्रत्यक्ष इतिहासातही जड यंत्रे तटावर ठेवणे सोपे नव्हते. ३६३ सालच्या रोमन सम्राट ज्युलियनच्या इराणी मोहिमेत स्वतः असलेला अमियानुस मार्सेलिनुस लिहितो की ओनेजर दगडी भिंतीवर ठेवला तर त्याच्या वजनाने नव्हे, तर हादऱ्याने भिंत खिळखिळी होते. म्हणून त्याच्याखाली गवताळ मातीचे ढेकळे किंवा कच्च्या विटा रचत. ओनेजर म्हणजे रानगाढव, आणि ते पळताना मागे दगड उडवते म्हणून यंत्राला ते नाव पडले, असेही तोच सांगतो.

१५. मोहिमेच्या नकाशावर त्यांच्यामुळे फौज मंदावते का?

फौज तिच्यातल्या सर्वांत मंद तुकडीच्या चालीने चालते, आणि ओनेजरसारखी यंत्रे बरोबर असली की कूच आखूड होते. नेमका फरक पाहण्यासाठी फौज निवडून ती किती दूर जाऊ शकते ते पाहावे, मग यंत्रांच्या तुकड्या वेगळ्या काढून पुन्हा पाहावे. एवढ्याने हिशेब समोर येतो. माझी पद्धत अशी की मैदानी फौजेत फक्त कॅरोबॅलिस्टा ठेवाव्यात आणि ओनेजर मागून येणाऱ्या वेगळ्या फौजेत द्यावेत. गलबतांवर मात्र दोन्ही चढतात.

१६. लढाई न लढता निकाल काढल्यास त्यांचा फायदा मिळतो का?

टोक, बगल, उंचवटा किंवा पूल यांतले काहीही त्या हिशेबात येत नाही. ज्या फौजेत या गाड्या आहेत तिची महत्त्वाची लढाई स्वतः लढावी, किंवा त्या गाड्या घेऊच नयेत. लढाईची कालमर्यादा त्रासदायक वाटत असल्यास मोहीम सुरू करतानाच ती बंद करण्याचा पर्याय निवडावा.

१७. बाण संपल्यावर गाड्या शत्रूवर घालाव्यात का?

नाही. मैदानाबाहेर काढाव्यात, वाचलेली तुकडी पुढील लढाईत पुन्हा भरलेल्या बाणांनिशी उभी राहते.

१८. रीमास्टर्ड आवृत्तीत किंवा मोडमध्ये हेच लागू पडते का?

२०२१ साली आलेल्या रीमास्टर्ड आवृत्तीत 'बार्बेरियन इन्व्हेजन' समाविष्ट आहे. तेथे कॅमेरा, कळा आणि पटलांची मांडणी बदललेली असली तरी वरील विवेचन लागू पडते. मोडमध्ये (खेळाडूंनी बदललेल्या आवृत्तीत) पल्ला, बाणांची संख्या आणि खर्च हे आकडे करणाऱ्याच्या मर्जीने बदललेले असतात, म्हणून तेथे आधी तुकडीची माहिती वाचावी आणि मोहिमेबाहेरची एखादी सुटी लढाई खेळून पल्ल्याचा अंदाज घ्यावा.

१९. समोरच्या फौजेतही कॅरोबॅलिस्टा असेल तर काय करावे?

पूर्व आणि पश्चिम साम्राज्ये एकमेकांवर उठली किंवा एखादा सेनापती बंड करून गेला की हा प्रसंग येतो. गाडीविरुद्ध गाडी असा सामना लावू नये; दोन्हीकडे लक्ष्य लहान आणि विरळ असल्यामुळे बाण वाया जातात. हलक्या घोडदळाची एक तुकडी लांबून वळसा घालून पाठवावी, मुख्य पायदळ माऱ्याच्या पल्ल्याबाहेर थांबवावे, आणि घोडदळ जाऊन भिडल्यावरच पायदळ पुढे सोडावे. शत्रूचे यंत्र बंद पाडण्यासाठी त्याच्यापेक्षा मोठे यंत्र लागत नाही. इसवी सन ६९ मध्ये क्रेमोनाजवळ रात्री झालेल्या लढाईत सम्राटपदासाठी व्हेस्पेशियनशी झगडणाऱ्या विटेलियसच्या बाजूचे एक प्रचंड बॅलिस्टा समोरच्या फळीची दाणादाण उडवत होते. तेव्हा, रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो त्याप्रमाणे, व्हेस्पेशियनच्या बाजूचे दोन सैनिक मेलेल्या शत्रूंच्या ढाली उचलून अंधारात त्यांच्यातलेच असल्यासारखे पुढे गेले आणि त्यांनी यंत्राचे दोर कापून टाकले. ते दोघेही तेथेच मारले गेले, त्यामुळे त्यांची नावे मागे राहिली नाहीत.